वरची रांग

"माझा मुलगा बंगळुरूला टीम लीड आहे, आणि तुम्ही त्याला शेवया करायला बसवलंय!"

फोनवरचा आवाज एका निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, ओरडायला सुरुवात करण्याच्या आधी. मी बार्शीतल्या माझ्या स्टुडिओत एका बारशाच्या व्हिडिओला गाणं जोडत बसले होते. बारशाचा आणि शेवयांचा संबंध काय, ते मला कळेना.

"कुठल्या व्हिडिओबद्दल म्हणताय, सर?"

"कुठल्या म्हणजे? समाजाच्या मेळाव्याची सीडी! सूट घातलेला फोटो माझ्या मुलाचा आणि शेजारी काय लिहिलंय? शिक्षण बारावी, व्यवसाय शेवयांचा गृहउद्योग. सकाळी शेजारीण येऊन दोन किलोची ऑर्डर देऊन गेली!"

मी सीडी लावली. मुख्याध्यापकांचा मुलगा वरच्या रांगेत होता, टाय लावून, छाती काढून. त्याच्या शेजारी खरोखरच शेवया होत्या. आणि त्याच्या बरोबर खाली, चेक्सचा शर्ट घातलेल्या एका सावळ्या माणसाच्या शेजारी लिहिलं होतं, टीम लीड, बंगळुरू, स्वतःचा फ्लॅट.

मी सीडी थांबवली.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आमच्या समाजाच्या मंडळाचा वधू-वर मेळावा दर वर्षी व्हायचा. त्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी तोडकर काका यांना आधुनिक व्हायची लहर आली. मेळाव्याच्या आधीच सगळ्या मुलामुलींची फिल्म करायची, तिची सीडी घरोघर कुरिअरनं पाठवायची, म्हणजे लोकांना घरी बसून आपापली निवड करता येईल. पडद्यावर एका वेळी चौघं, दोन वर आणि दोन खाली. प्रत्येक फोटोच्या उजव्या अंगाला त्याच उंचीवर माहितीची पट्टी. नावं द्यायची नाहीत, फक्त क्रमांक, आणि तो फोटोच्याच कोपऱ्यात. क्रमांकावरून घरचा फोन शोधायला मंडळाची वेगळी पुस्तिका होती.

कोण वर आणि कोण खाली, हे काकांनी ठरवलं होतं.

"वरच्या रांगेत डॉक्टर, इंजिनियर, बँकवाले, परदेशवाले," ते म्हणाले होते. "खाली बाकीचे."

"बाकीचे म्हणजे?"

"तुला कळतंय की, चारुता. आणि हे बघ, तुला खाली घेतलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मंडळाचं धोरण आहे."

मीही त्या फिल्ममध्ये होते. आईनं मला न विचारता फॉर्म भरला होता. वय तेहतीस, व्हिडिओ एडिटिंग, अपेक्षा निर्व्यसनी. फोटो तिनंच निवडला होता, आणि त्यात मी वीज गेल्यावर मीटरकडे बघतात तशी बघत होते.

चूक कुठं झाली ते कळायला फार वेळ लागला नाही. एडिटिंगमध्ये कुठली गोष्ट पडद्यावर कुठं ठेवायची, ते आकड्यांनी सांगावं लागतं. फोटो मी माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मांडले होते. तिथं पडद्याचा मध्य म्हणजे शून्य, वर न्यायचं तर अधिक आणि खाली न्यायचं तर उणे, शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखं. पण काकांना पट्ट्या चमकत सरकत येणाऱ्या हव्या होत्या, म्हणून त्या मी नव्यानं घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या. मध्य तिथंही शून्यच होता. फक्त तिथं अधिक म्हणजे खाली. असं का, ते ज्यांनी केलं त्यांनाच ठाऊक. मी जुनेच आकडे जसेच्या तसे टाकले. फोटो जागच्या जागी राहिले, आणि वरच्यांच्या पट्ट्या खाली नि खालच्यांच्या वर गेल्या. मंडळाचं धोरण एका चिन्हानं डोक्यावर उभं केलं.

तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. सुरुवातीला अध्यक्षांचं मनोगत होतं, त्यांची एकुलती एक पट्टी बरोबर मधोमध, तिला वरखाली जायला जागाच नव्हती. पुढं फोटो आलेत, पट्ट्या आल्यात, 'उच्चशिक्षित'मधला 'च्च' फुटला नाही, एवढंच मी बघत गेले. कुणाचा चेहरा कुणाचा, ते मला कुठून कळणार? आणि स्वतःचा फोटो यायच्या वेळी मी पुढं ढकललं. तो बघायची माझी हिंमत नव्हती.

दिवसभर फोन वाजत राहिला. पुण्याच्या एका बँक अधिकाऱ्याला 'घटस्फोटित, एक अपत्य' लागलं होतं. त्याची आई पुन्हा पुन्हा विचारत होती, "अपत्य कुठंय? आम्हाला सांगितलं कसं नाही त्यानं?" एका वकिलांच्या मुलीला किराणा दुकान मिळालं होतं, आणि वकीलसाहेब मला कलमं ऐकवत होते. मी सगळ्यांची माफी मागत होते, नि माफी मागता मागता एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. ओरडणारे सगळे वरच्या रांगेतले होते. खालच्या रांगेतून एकही फोन नव्हता. झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या एका मुलाला चक्क अमेरिकेतली नोकरी लागली होती, आणि त्याच्या घरून चकार शब्द नाही.

मी तोडकर काकांकडे गेले. ते पंख्याखाली बसून पाहुण्यांच्या शालींचा हिशेब लावत होते.

"काका, सगळ्या घरी कळवायला हवं. माहिती उलटसुलट गेलीय."

"मेळाव्यात बरोबर फिल्म दाखवू. पुढच्या रविवारीच तर आहे."

"पण तोवर लोक एकमेकांना फोन करतील. भेटी ठरवतील."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "ज्यांच्या तक्रारी आल्यात त्यांची मी क्षमा मागतो. ज्यांची तक्रारच नाही, त्यांना आपण होऊन कशाला दुखवायचं?"

मी घरी आले तर दिवाणावर नवी चादर. आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती, आणि गुणगुणत होती. वडील गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"गुरुवारी पाहुणे येणारेत," ती म्हणाली. "होनराव म्हणून. मुलगा बंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे. त्यांना आपली पसंत पडलीय."

"आपली कोण?"

"तूच. दुसरी कोण आहे घरात?"

मी तिला दरवाज्यातूनच विचारलं, "आई, तू सीडी बघितलीस?"

"बघितली की."

"माझ्या फोटोशेजारी काय लिहिलंय?"

आईनं झाऱ्यावरची करंजी नीट निथळू दिली. "एम.डी., त्वचारोग."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी काही लिहिलेलं नाही. सीडी तूच केलीस."

"तू त्यांना मी डॉक्टर असल्याचं सांगितलंस?"

"एक शब्द खोटा बोलले नाही," आई म्हणाली. "त्यांनी विचारलं, डॉक्टरसाहेब कधी मोकळ्या असतात? मी म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी. तू गुरुवारी मोकळी असतेस की नाही?"

मी बोलायला लागले, ते आईनं हातातला झारा वर करून थांबवलं. तिचा आवाज बदलला होता. "ते गृहस्थ मला फोनवर आईसाहेब म्हणाले, चारू. आजवर किती स्थळं आली, कुणी मला धड नमस्कार केला होता? येऊ देत त्यांना. बसू देत. तुला बघू देत. मग सांगू काय सांगायचं ते."

मी ठरवलं, दारातच सांगून टाकायचं. रागानं डोकं इतकं भरलं होतं की, आईनं मुलाची माहिती तरी कुठून मिळवली असेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. गुरुवारी मी जांभळी साडी नेसले. आईनं हट्टच धरला होता.

होनराव पतिपत्नी आणि त्यांचा मुलगा जयवंत पाचच्या सुमारास आले. होनराव उंबऱ्यातच हात जोडून वाकले. होनरावबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले.

"नमस्कार," मी म्हटलं. "आधी एक स्पष्ट सांगते. मी डॉक्टर नाही."

मग होनराव मोठ्यांदा हसले. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "मोठी माणसं घरी मोठी नसतातच. दवाखान्याच्या पायरीवर चपलांबरोबर डॉक्टरकी काढून ठेवायची. वा!"

"तसं नाही, मी खरंच—"

"चहा घेता ना?" आई मध्येच म्हणाली.

ते बसले. आणि पुढचा अर्धा तास माझ्यात जे जे काही आजवर खटकलं होतं, ते सगळं दागिना झालं. माझा चष्मा जाड आहे, कारण वाचन अफाट. मी थोराड दिसते, कारण विद्येचं तेज असंच अंगावर येतं. मी तोंडावर बोलते, कारण रोग्याला गोड बोलून बरं करता येत नाही. मागच्या एका स्थळानं याच तोंडाला फटकळ म्हटलं होतं.

चहा झाल्यावर होनराव खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले आणि त्यांनी सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर केली. आत लालसर गोल चट्टा होता.

"सहज विचारतो," ते म्हणाले. "हे गजकर्ण म्हणायचं, की दुसरं काही?"

"मला माहीत नाही."

होनरावांनी आदरानं मान हलवली. "खरा डॉक्टर कधी लगेच सांगत नाही. आमच्या गावातला तर बघायच्या आधीच इंजेक्शन भरतो."

आई दुसरीकडे जयवंतला करंज्यांचा आग्रह करत होती. "कंपनीत फार दगदग असेल ना?" ती विचारत होती. "किती वाळलात!" तो काही वाळलेला नव्हता. रुंद खांद्यांचा, सावळा, कोट घातलेला आणि कोटात अवघडलेला माणूस होता. तो आत्तापर्यंत एकही शब्द बोलला नव्हता. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता.

"अगं, ते दे की," होनराव बायकोला म्हणाले.

होनरावबाईंनी पिशवीतून एक मोठं पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आमच्याकडच्या शेवया आहेत. खपली गव्हाच्या. दुधात टाकल्या तरी गोळा होत नाहीत. वाळवण कसं सावलीत हवं बघा, उन्हात टाकल्या की कडकन मोडतात, आमच्याकडं तर पत्र्याच्या शेडमध्ये—"

होनराव खोकले.

पुडकं माझ्या हातात होतं आणि मी त्या माणसाकडं बघत होते. चेक्सचा शर्ट. खालची रांग. आता कोट.

दोन्ही घरं टीव्हीसमोर बसली होती. दोन्ही घरांनी आपल्या पोराच्या शेजारी दुसऱ्याची पट्टी पाहिली होती. दोन्ही घरं गप्प बसली होती. आणि आता दोन्ही घरं एकमेकांना करंज्या आणि शेवया देत होती.

"मुलामुलीला जरा बोलू द्यावं," होनराव उदारपणे म्हणाले. "शिकलेली माणसं. त्यांचे विषय वेगळे."

आमच्या घराला मागं एक गॅलरी आहे, अरुंद, धुणं वाळत घालायची. आम्ही तिथं जाऊन उभे राहिलो. ऊन समोरून येत होतं.

"बंगळुरूला कुठं राहता?" मी विचारलं.

"कंपनीच्या जवळच."

"कंपनी कुठली?"

तो दोरीवरचा चिमटा उघडमीट करायला लागला.

"शेवया हातावरच्या की मशीनवरच्या?" मी विचारलं.

त्यानं चिमटा सोडला. माझ्याकडं पाहिलं, आणि त्याचे खांदे कोटात एकदम सैल पडले. "मशीनवरच्या," तो म्हणाला. "करमाळ्याला शेड आहे आमची. बायका आहेत कामाला. तुम्हाला कसं कळलं?"

"ती सीडी मी केलीय. आणि मी डॉक्टर नाही. दारातच सांगितलं होतं."

"म्हणजे ते खरं होतं?"

मी त्याला सगळं सांगितलं. जुनं सॉफ्टवेअर, नवं सॉफ्टवेअर, अधिक आणि उणे. तो लक्ष देऊन ऐकत होता. मशीनवर काम करणारा माणूस, त्याला ते लगेच समजलं. "म्हणजे मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या," तो म्हणाला, "की मशीन चालतं झोकात, पण पीठ बाहेर फेकतं." आणि तो हसायला लागला. असं गडगडून हसला की मलाही हसू आवरेना. आतून होनरावबाईंचा आवाज आला, "जमलं वाटतं!"

त्यानं कोट काढून दोरीवर टाकला. मग तो मोकळा बोलत राहिला. वडिलांनी सीडी कशी तीन वेळा लावली, आणि शेवटी देवाचीच इच्छा दिसते म्हणून टीव्हीला हात कसे जोडले. पहिलं मशीन त्यानं भंगारातून आणून कसं सुरू केलं. मी माझ्या स्टुडिओबद्दल सांगितलं, तोडकर काकांच्या धोरणाबद्दल सांगितलं. कुणाशी तरी इतक्या सहज बोलून मला फार दिवस झाले होते. मध्ये मी चष्मा काढून पुसला, आणि मग बोलण्यासारखं काही सुचेना.

त्यानं दोरीवरचा कोट सारखा केला. मग म्हणाला, "एक विचारू? तुमच्या फोटोशेजारी जिची पट्टी आली, ती खरी डॉक्टर कुठं आहे?"

"वरच्या रांगेत. माझ्या बरोबर वर."

"आणि तिच्या शेजारी तुमची पट्टी."

"हो. वय तेहतीस, व्हिडिओ एडिटिंग."

त्यानं मान डोलावली, हिशेब जुळल्यासारखी. "मग तिला या आठवड्यात कुणी फोन केला नसेल."

मला त्याचा रोख लगेच कळला नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली.

"तिचा क्रमांक आठवतो का तुम्हाला?" त्यानं विचारलं. अगदी साधेपणानं, जसा कुणी बसची वेळ विचारतो.

"सदतीस," मी म्हटलं. "पुस्तिकेत फोन आहे. शुभेच्छा."

आणि मी तडक आत गेले, सगळ्यांनी माझ्याकडं बघावं म्हणून पंख्याचं बटण बंद केलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मी कोण ते. तो कोण ते. पट्ट्या कशा फिरल्या ते. एकही वाक्य गाळलं नाही.

मग होनरावांनी सदऱ्याची बाही घाईघाईनं खाली ओढली. "आणि मी हिला हात दाखवला!" ते म्हणाले.

"तरीच म्हटलं," होनरावबाई म्हणाल्या, "चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या! आणि वय लपतंय का? मला तर उंबऱ्यातच शंका आली होती."

"उंबऱ्यात तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं," आई म्हणाली.

"ते कांद्याच्या वासानं!"

"आणि तुमच्या मुलाचं काय? म्हणे बंगळुरू! पत्र्याच्या शेडमध्ये शेवया करतो नि कोट घालून बसतो! फसवायला आलात आम्हाला?"

"फसवायला? आम्ही? अहो, डॉक्टर म्हणून घरी कुणी बोलावलं?"

"मी कुठं म्हटलं डॉक्टर? मी फक्त गुरुवार म्हटलं!"

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून, हातवारे करून, खरेपणावर बोलत होत्या. दोघींचा संताप अगदी मनापासूनचा होता. जयवंत गॅलरीच्या दारात कोट हातावर घेऊन उभा होता. जाताना होनरावबाईंनी शेवयांचं पुडकं टीपॉयवरून उचललं.

"आई, ते राहू दे," तो हळूच म्हणाला.

"राहू दे काय? खपली गहू आहे!"

आईनंही उरलेल्या करंज्या त्यांच्या देखत डब्यात भरून झाकण लावलं.

रविवारी मेळाव्यात मी दुरुस्त केलेली फिल्म दाखवली. प्रत्येक पट्टी आपल्या माणसाशेजारी, वरचे वर आणि खालचे खाली. तोडकर काकांनी प्रास्ताविकात 'किरकोळ तांत्रिक अडचण' एवढंच म्हटलं. पण मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, तिथून मला सगळं सभागृह दिसत होतं. एकेक चौकडी पडद्यावर येत होती, आणि खुर्च्यांमध्ये कुठं कुठं माना खाली जात होत्या. आठवडाभरात एकमेकांच्या घरी चहा पिऊन आलेली माणसं आता एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडं बघत होती. झेरॉक्सवाल्याच्या वडिलांना तर कुणीतरी सभागृहाच्या दारातच गाठलं होतं. मुख्याध्यापक मात्र मुलाचा टाय नीट करत पहिल्या रांगेत बसले होते, साऱ्या जगाची घडी पुन्हा बसल्यासारखे.

जेवणाची पंगत सुरू झाली तेव्हा एक बाई माझ्यापाशी आली. सडपातळ, केसांची साधी वेणी, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान.

"मी सदतीस नंबर," ती म्हणाली. "केतकी देवणीकर. आठवडाभर तुमची पट्टी माझ्याकडं होती."

मी माफी मागायला लागले. तिनं हात हलवला.

"छे, छे. बाबा तक्रार करणार होते, मीच करू दिली नाही. एरवी दवाखाना कधी काढणार, किती बेडचा काढणार, पैसे कोण घालणार, हेच विचारणारे फोन. या आठवड्यात घर कसं शांत होतं! एकच फोन आला."

"करमाळ्याहून," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत आहे तर."

ती हसत होती. ते हसणं मला ओळखीचं वाटलं, आणि मला तिची कीव आली. मी तिला बाजूला घेतलं. "हे बघा, मला चुगली करायची नाही, पण तुम्हाला माहीत असावं. तो माणूस तुम्ही डॉक्टर आहात हे कळल्यावरच—"

"हो, सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "पहिल्या फोनवर पहिलंच वाक्य. म्हणाला, डॉक्टर, या आठवड्यात तुमच्याकडं कुणी फिरकणार नाही, म्हणून मी हिंमत करतोय, एरवी तुमच्या घराची पायरी चढायची माझी छाती झाली नसती. मी शेवया करतो. फोन ठेवायचा असेल तर ठेवा." तिनं खांदे उडवले. "इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. ठेवला नाही मी फोन."

तिच्या मागं, पंगतीच्या टोकाला, जयवंत वाढप्याच्या हातातून बादली घेऊन स्वतःच कुणाला तरी वरण वाढत होता. आज कोट नव्हता.

"तुमच्याबद्दलही बोलला," केतकी म्हणाली.

"काय?"

"म्हणाला, बाई हुशार आहेत, बोलायला फार छान. मी त्यांनाच विचारणार होतो. पण शेडचं, भंगारातल्या मशीनचं सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग म्हटलं, कशाला."

माझा चेहरा उतरला नव्हता. आजही सांगते. गॅलरीत ऊन समोरून येत होतं, डोळ्यांवर येत होतं, म्हणून मी चष्मा काढला, एवढंच. पण हे त्या सभागृहात, जेवणाच्या गडबडीत, कुणाला कसं समजावून सांगायचं? मी केतकीला म्हटलं, जेवून घ्या, गर्दी वाढेल.

मार्चमध्ये त्यांचं लग्न करमाळ्यात झालं. फिल्म मीच केली. जयवंतनं स्वतः येऊन सांगितलं होतं, आणि नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. होनराव मांडवात फिरून सगळ्यांना सून डॉक्टर असल्याचं सांगत होते. मला पाहिल्यावर त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड दाखवला. चट्टा गेला होता. आईलाही आमंत्रण होतं. ती आली, होनरावबाईंशी एक अक्षर न बोलता दोन वाट्या शेवयांची खीर प्यायली, आणि तिसरी मागून घेतली.

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मुलगा चांगला होता गं."

"तूच तर शेवया करतो म्हणून त्याला घालवलंस!" मी म्हटलं.

"मी त्याच्या आईशी भांडत होते," आई म्हणाली. "गॅलरीत तू होतीस."